बालमंदिरातलं एकुलतं एक सूप

मी एक जुनं सूप आहे. आकाराने एवढंसं, की मोठ्या बाईच्या हातात दिलं तर तिला हसू येईल. मित्रांनो, माझी गोष्ट मला एका पत्रापासून सुरू करावी लागते. पत्र मला आलेलं नव्हतं. सुपाला कोण पत्र लिहिणार? ते अकोल्याच्या केशव गुरुजींना आलं होतं, आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

मी ज्या खुंटीला टांगलेलं होतं, तिच्या खालीच गुरुजींची बैठक होती. अधूनमधून ते पत्र काढत, वाचत, दौतीचं झाकण उघडत आणि पुन्हा लावून टाकत. उत्तर का जात नाही हे घरात कुणाला कळत नव्हतं. मला कळत होतं, कारण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं होतं. सगळं नीट सांगता येईल की नाही याची मात्र मला खात्री नाही. माझं काम पाखडण्याचं, सांगण्याचं नव्हे.

माझा जन्म अमरावतीला सूर्यभान बुरडाच्या अंगणात झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि दूर कुठेतरी मोठी लढाई चालू होती. एके दिवशी खादीचं लुगडं नेसलेल्या एक तरुण बाई अंगणात आल्या आणि हाताने माप दाखवून म्हणाल्या, “एवढं सूप हवं.”

“पोरीच्या खेळाले का बाई?” सूर्यभानने विचारलं.

“खेळायला नाही, कामाला. त्यात खरंखुरं पाखडता आलं पाहिजे.”

“चार वर्साचं लेकरू काय पाखडन? सारं सांडन!”

“सांडू द्या. मग वेचेल.”

सूर्यभानला ते उत्तर आवडलं असावं. त्याने माझ्यासाठी बांबूच्या बारीक बारीक कामट्या काढल्या. त्याच्या बायकोने मेथी आणि कागदाच्या लगद्याचा लेप देऊन मला उन्हात वाळवलं. आमच्या घराण्यात माझ्याइतकं लहान कुणी नव्हतं, म्हणून शेजारची मोठी सुपं माझ्याकडे जरा कौतुकानेच पाहत होती.

त्या बाईंना सगळे बेबीताई म्हणत. त्यांनी लहान मुलांसाठी माँटेसोरी पद्धतीचं एक बालमंदिर काढलं होतं. तिथे छडी नव्हती, फळाही नव्हता. भिंतीलगत बुटक्या फळ्या होत्या आणि त्यांवर मुलांच्या हाताला येतील अशा वस्तू मांडलेल्या होत्या. बोट फिरवून गिरवायची खरखरीत खरकागदाची अक्षरं, लाकडी ठोकळे, पाण्याची छोटी झारी, केरसुणी, आणि मी. बेबीताई मुलांशी मराठीत बोलत. दुसऱ्या एक बाई मिशनच्या शाळेत शिकलेल्या होत्या, त्या इंग्रजीतच बोलत. मुलं या बाईंकडून त्या बाईंकडे जाताना भाषा बदलत, ती इतक्या सहज, जसं अंगणातून घरात यावं. मला स्वतःला दोन्ही भाषांत काय म्हणतात ते मी तिथेच शिकलं.

तिथला एक नियम तुम्ही लक्षात ठेवा, कारण सगळं पुढे त्यावरच अडलं. प्रत्येक वस्तू एकच. झारी एक, सूपही एकच. एका मुलाच्या हातात ते असेल तर दुसऱ्याने वाट पाहायची. वाट पाहणं हाही तिथला अभ्यासच होता.

त्या बालमंदिरात शकुन आली. ती केशव गुरुजींची नात. गुरुजी बोर्डाच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा गोवर्धन अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा करी. मळेवाल्यांच्या त्या घरात पुस्तकं वाचणारे गुरुजी एकटेच. नातीला कोणत्या शाळेत घालायचं यावरून घरात बरंच बोलणं झालं होतं. ते मी नंतर खुंटीवरून ऐकलं, कारण त्या घरात एकच गोष्ट पुष्कळदा सांगतात.

“चार वर्साची पोर अन अमरावतीले?” गोवर्धन म्हणाला होता. “इथं काय शाळा नाई का?”

“हाये ना. पण इथं तिले सातव्या वर्सी घेतीन, अन पहिल्या दिवशी छडी दाखवतीन,” गुरुजी म्हणाले. “मिशनच्या शाळेत घातली तं मायशी बोलाचं इसरन. तिकडं दोनी भाषा हायेत. मायची बी, साहेबाची बी.”

शकुनची आई पार्बताबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “साहेबाची कायले मामाजी? वांगे का इंग्रजीत इकतेत?”

सगळे हसले. गुरुजीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. ते इंग्रजी एकट्याने, शब्दकोश उघडून शिकले होते. एकदा तपासणीला आलेल्या साहेबाने पोरांसमोर त्यांच्या उच्चारांची नक्कल केली होती. तसं आपल्या नातीला कुणी हसू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. अमरावतीला त्यांची मुलगी आशाबाई दिली होती. जावयाचं फुलांचं दुकान होतं. शकुन आत्याकडे राहू लागली.

पहिल्याच दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली. घरचं मोठं सूप तिची आई तिला शिवू देत नसे, “सांडशीन” म्हणून. आणि इथे तिच्या हाताच्या मापाचं सूप फळीवर ठेवलेलं! पण माझ्यासाठी मुलांची रांग असे. वकिलांचा ओमप्रकाश मूठभर ज्वारी घेऊन बसे आणि सगळी ओसरीभर उडवी. मग रडत रडत वेची. हेडक्लार्कची मुलगी मला एकदा धरलं की घंटा होईपर्यंत सोडत नसे. शकुन रोज येई, माझ्या काठाला बोट लावी आणि परत जाई. ती बोलकी नव्हती.

शेवटी एके दिवशी तिचा नंबर आला. ती ओसरीवर पाय पसरून बसली. ज्वारी थोडीशीच घेतली. एक झटका, मग एक हलकीशी फुंकर. कोंडा पुढे उडाला आणि दाणे माझ्या पोटाशी आले. इतक्या हलक्या हाताने माझ्यात कुणीच पाखडलं नव्हतं. दुसऱ्या बाई लांबून “जेंटली, जेंटली” म्हणत होत्या, पण तिला ते सांगायची गरज नव्हती.

त्याच वेळी फाटकातून गुरुजी आले. काही न कळवता आले होते. हातात बेबीताईंसाठी आणलेल्या वांग्यांचं गाठोडं होतं. त्यांनी आत पाहिलं. ओमप्रकाश खरकागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत होता. हेडक्लार्कची मुलगी दुसऱ्या बाईंजवळ इंग्रजी अक्षरं लावत होती. आणि त्यांची नात बाहेर ओसरीवर धान्य पाखडत बसली होती.

गुरुजींचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. गाठोडं त्यांनी पायरीवर ठेवलं. “घरी काम आहे, हिला नेतो,” एवढंच म्हणाले आणि तिचा हात धरला. दाणे ओसरीवर सांडले. शकुनने मला सोडलं नाही, म्हणून मीही निघालं. बेबीताई फाटकापर्यंत धावत आल्या. गुरुजींनी मागे पाहिलं नाही. बडनेऱ्याला गाडी बदलताना शकुनने विचारलं, “आबाजी, काय झालं?” तेव्हाही ते बोलले नाहीत.

घरी मात्र बोलले. “तिथं मराठी काई नाई,” त्यांनी गोवर्धनला सांगितलं. “नुसतं इंग्रजी. पोर मुकी झाली असती.”

“मी म्हणतच होतो,” गोवर्धन म्हणाला. पोर घरी आली म्हणून त्याला बरंच वाटलं होतं. पार्बताबाईने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, हसली, आणि खुंटीला टांगलं.

त्या खोट्यावर घर चार दिवस सुखाने राहिलं. मग एका दुपारी पार्बताबाई मोठ्या सुपात डाळ पाखडत असताना शकुन तिला सांगू लागली, “ओमप्रकाश समदं सांडे. त्याले समदं येचा लागे. अन ते हेडक्लार्कची पोट्टी, ते तं कोणाले देतच नसे सूप. माया नंबर लय दिसानं आला, माय.”

गुरुजींच्या हातात पुस्तक होतं. त्यानंतर त्याचं पान उलटलं गेलं नाही. वकिलाच्या मुलानेही पाखडलं होतं! सूप एकच होतं आणि नात आपला नंबर येईतो थांबली होती! या पद्धतीबद्दल त्यांनी मासिकात वाचलं होतं, वाचूनच ती शाळा निवडली होती. आणि प्रत्यक्ष पाहायची वेळ आली तेव्हा वाचलेलं काहीच आठवलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी बेबीताईंचं पत्र आलं. त्यात राग नव्हता. “आमचं काही चुकलं असेल तर मोकळेपणाने कळवावं. शकुनची जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राखून ठेवते,” असं त्यांनी लिहिलं होतं. उत्तर लिहायचं तर खरं लिहायला हवं होतं, आणि खरं लिहायचं तर आधी गोवर्धनला खोटं कबूल करायला हवं होतं. गुरुजी दोन ओळी लिहीत, मग एखादा शब्द बरा नाही म्हणून कागद फाडत. शब्दांत काही दोष नव्हता. दिवाळी आली आणि गेली.

माझीही कळा गेली होती. उंदराने एक कोपरा कुरतडला, लेपाचे पोपडे निघाले. कामाची सवय असलेल्याला खुंटी बरी वाटत नाही.

मग एका दुपारी शकुन गुरुजींच्या पेटीवर चढली आणि तिने मला खाली काढलं. मळ्यातले वाळलेले धने घेतले आणि गुरुजींच्या पुढ्यात बसून पाखडू लागली. काम झाल्यावर मला दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं.

“पाहा आबाजी. एक बी दाना नाई सांडला.”

“शाब्बास.”

“तवा बी नवता सांडला.”

“कवा?”

“अमरावतीले. तुमी आले तवा. तुमी हात धरला, मंग सांडला. मी चुकली नवती.”

मित्रांनो, इतके दिवस ते लेकरू हेच मनात धरून होतं. आपण दाणे सांडले म्हणून आपली शाळा गेली, असं तिला वाटत होतं. गुरुजींनी मला बाजूला ठेवलं आणि तिला जवळ घेतलं. “तू नाई चुकली वो माय,” ते म्हणाले. “मीच चुकलो.” आणि चपला न घालताच ते मळ्याकडे निघाले. शकुन मला घेऊन मागे पळाली.

गोवर्धन आणि पार्बताबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. गुरुजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गोवर्धनचे हात थांबले.

“म्हंजे तिथं मराठी होती?”

“होती. दोनी होत्या.”

“मंग मले खोटं काहून सांगतलं बाबा?”

“लाज वाटली.”

“कायची? सुपाची?”

गुरुजी बांधावर बसले आणि आपल्या लहानपणचं सांगू लागले. बार्शीटाकळीच्या शाळेत असताना पंतोजी त्यांना रोज घरून भाजी आणायला लावत. बाकीची पोरं आत पाढे म्हणत. हे ओसरीवर बसून पंतोजींच्या घरची मेथी निवडत. “माळ्याच्या पोराले तेच शोभते,” असं पंतोजी म्हणत. गुरुजी खिडकीतून ऐकून पाढे शिकले. “पोरगी ओसरीवर दिसली,” ते म्हणाले, “अन मले वाटलं, मीच बसून राहिलो तिथं.”

मग पार्बताबाई म्हणाली, “म्हनून तुमी कदी मेथीची काडी मोडली नाई! अन मी आपली समजो, मामाजीले पुस्तकातून सवडच नाई.”

गोवर्धनला हसू आलं, पण त्याचा राग गेला नव्हता. “दिवाळी झाली. जागा गेली असन आता,” तो म्हणाला. “आता लिहून काय होते?”

“जागा नाई भेटली तरी लिहा लागते,” गुरुजी म्हणाले. “त्या बाईनं विचारलं होतं, आमचं काय चुकलं म्हनून. तिले काय वाटत असन?”

गोवर्धनने एक जुडी बांधून टोपलीत टाकली. “मंग बसले काहून? उठा ना. लिहा.”

त्या दिवशी गुरुजींनी एकही कागद फाडला नाही. त्यांनी लिहिलं, “आपलं काही चुकलं नाही. चूक माझी. ओसरीवर मला माझी नात दिसली नाही, माझं लहानपण दिसलं. आपलं सूप आम्ही आणून देऊ, जागा असो वा नसो.”

मित्रांनो, सुपाचं फार मागणं नसतं. वर्षातून एकदा लेप द्या, उंदरापासून जपा, पायदळी येऊ देऊ नका. पण तुम्ही मोठे व्हाल तेव्हाची एक विनंती आहे. रमलेल्या मुलाला कामावरून ओढून उठवू नका. उठवावंच लागलं, तर का उठवलं ते त्याला सांगा. न सांगितलं तर ते स्वतःच कारण शोधत बसतं आणि आपलीच चूक काढतं. मी एवढंच पाहिलं आहे, म्हणून एवढंच सांगतं.

टपालपेटीपर्यंत आम्ही तिघं गेलो. ऊन होतं म्हणून शकुनने मला डोक्यावर धरलं होतं. पेटीशी आल्यावर गुरुजींनी तिला उचललं, आणि दोघांनी मिळून पाकीट फटीत सरकवलं. ते अर्धं आत गेलं तरी गुरुजींनी त्याचा कोपरा धरूनच ठेवला होता.

“सोडा ना आबाजी,” शकुन म्हणाली.

त्यांनी सोडलं.