बिनबोलावलेली दुरुस्ती

ऑफिसात तिने डबा टेबलावर ठेवला न ठेवला तोच शेजारचा डिझायनर म्हणाला, "मॅडम, तुमच्या साइटवर कोणीतरी समाजसेवा करून गेलंय. बघा तरी."

तिने बघितलं. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांची ती साइट तीच चालवायची. चर्चेच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ होती : 'तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भगदाड होतं. मी ते बुजवलं आहे. काळजी नसावी.'

हे काम एका 'वर्म'चं, म्हणजे संगणकातल्या किड्याचं. आपलं आपण एका साइटवरून दुसरीवर सरपटत जाणारं. बाकीची वर्म नासधूस करतात, हे म्हणे दुरुस्ती करतं! परक्याने घरात शिरायचं, दाराला नवं कुलूप ठोकायचं आणि वर आभार माना म्हणायचं.

भगदाड तिला चार वर्षं ठाऊक होतं. बुजवायचं तर सॉफ्टवेअरची मूळ फाइल बदलावी लागणार होती, आणि त्याच फाइलमध्ये तिने स्वतःच्या हाताने अकरा ओळी घुसडल्या होत्या. मूळ फाइलला हात लावायचा नाही, आपलं जे काही असेल ते वेगळं ठेवायचं, हे या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. पण तेव्हा अप्पा, तिचे वडील, अर्धांगवायू होऊन नुकतेच घरी आले होते. सभासदांना मन मोकळं करायला साइटवर एक बंद खोली हवी होती. तात्पुरतं म्हणून तिने त्या अकरा ओळी टाकल्या, आणि पासवर्ड नसलेल्याला ती खोली दिसेनाशी झाली. तात्पुरत्याला चार वर्षं कधी झाली, कळलंही नाही.

वर्मने जुनी फाइल काढून नवी कोरी बसवली होती. भगदाड गेलं, अकरा ओळीही गेल्या. काल दुपारपासून ती खोली सताड उघडी होती.

तिने आधी साइट बंद केली. मग कोण कोण येऊन वाचून गेलं, त्याची नोंद उघडली. माणसं फार नव्हती. त्यातला एक इंटरनेटचा पत्ता तिला पाठ होता. तिच्याच घरचा. काल चार ते पावणेसहा. एकच पान, पुन्हा पुन्हा.

ते तिनेच लिहिलं होतं, टोपणनावाने. 'वडील रात्रीतून चार वेळा हाक मारतात. चौथ्या हाकेला मी जागी असूनही उठत नाही. देवा, संपव रे आता हे.'

अप्पा काल जेवताना नेहमीसारखेच बोलले होते. भाजी छान झाली म्हणाले. आणि रात्री एकदाही हाक आली नव्हती. सकाळी उठून ती खूश झाली होती, अप्पांना झोप लागली म्हणून! आठवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अर्धी रजा टाकून ती घरी आली. अप्पा पलंगावर बसले होते, शेजारी बॅग.

"तुझ्या दादाला फोन केला. रविवारी न्यायला येतो."

"मला विचारलंत तरी का?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. वाईट वाटून." त्यांनी चष्मा काढला. "टोपणनाव कसलं घेतेस गं? मी तुझा बाप आहे."

"अप्पा, ते एखाद्या दिवशी माणूस वैतागून लिहितो..."

"वैतागून माणूस खरं तेच लिहितो. मीही दमलोय, पोरी. हाक मारायला मला काय गोड वाटतं?"

तिला रडू फुटलं. रडता रडताच ती भांडायला लागली. "दादाकडे तीन जिने आहेत. लिफ्ट नाही. चढणार कसे तुम्ही?"

"चढवतील दोघं धरून." चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती, ती हसली. "आणि एकदा वर गेलो की खाली उतरायचंय कुणाला?"

जाऊ नका, एवढंच तिला म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण कालची सलग झोप तिच्या अंगात अजून होती, आणि ती क्षणभर थांबली.

अप्पांनी ते पाहिलं. बॅग तिच्याकडे सरकवून म्हणाले, "चेन तेवढी लावून दे. एका हाताने जमत नाही."