तणसातली काळी फळं

गुलाब आयुष्यभर जेवताना नावं ठेवत आला. वरणात मीठ कमी, वांग्यात तेल जास्त, भात गिचका. रुखमानेही कधी ऐकून घेतलं नाही, प्रत्येक घासाला एक उत्तर ठरलेलंच. मार्कंड्याजवळच्या त्या गावात या दोघांचं जेवण शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं.

मग खर्रा नडला. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात धरून गुलाबच्या तोंडाची आतली कातडी आवळून गेली. तोंड उघडलं तरी जेमतेम दोन बोटं आत जायची. मिरचीचा कण लागला तरी आग. खर्रा त्याने एका दिवसात सोडला, पण त्याबरोबर जेवणावरचं मनही गेलं. पेजेचे दोन घोट घ्यायचा, "बस" म्हणायचा आणि वाटी सारायचा. नावं ठेवणं पार बंद. डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन वाढल्याशिवाय तोंडाचं ऑपरेशन करता येणार नाही, आणि इथे सदरा दिवसेंदिवस ढगळ होत चाललेला. रुखमाचा जीव तीळतीळ तुटायचा.

अशात त्यांची मुलगी संघप्रिया सुट्टीवर आली. ती नागपूरला एका हॉटेलात स्वयंपाकी होती. तिने पिशवीतून हिरवी, दगडासारखी टणक फळं काढली.

"आई, हे अवोकाडो. पिकलं की लोण्यावानी होते. याची चटणी करतात, ग्वाकामोले म्हणतात. बाबाले चावाचं कामच नाई. फक्त पिकू दे."

"पिकवाचं तू मले शिकवून राह्यली का?" रुखमा म्हणाली.

आंबा असो की सीताफळ, रुखमाने तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, पिकत घातलेलं फळ कधी वाया गेलं नव्हतं. तिचा नियम कडक होता. धानाच्या तणसाला हात एकटीचाच, आणि घमघमाट सुटल्याशिवाय तणस उकलायचं नाही. ती रोज कोपऱ्यात वाकून वास घेई. वास काही येईना. संघप्रियाने पाहू का विचारलं तर तिला हाकलून लावलं.

शेवटी एका सकाळी तिला राहवलं नाही. तिने तणस बाजूला केलं. फळं काळीठिक्कर पडली होती. पोरीने एवढ्या आशेने आणलेली, नवऱ्याच्या तोंडची, आणि आपल्या हातून सडली! गुपचूप ओटीत भरून तिने ती मागच्या उकिरड्यावर टाकली आणि चुलीपाशी येऊन रडत बसली.

"काय झालं वं?" संघप्रियाने विचारलं.

"सडले माय. माह्याच हातानं सडले. पार काळे झाले."

"अवं, काळं म्हणजेच पिकलं! याले वास नसते!"

दोघी धावत सुटल्या. एक फळ कोंबड्यांनी फोडलं होतं, बाकीची जाड सालीमुळे धड राहिली होती. बाजेवर बसलेला गुलाब हे सगळं बघत होता. त्याला नाकातून हसू फुटलं. किती दिवसांनी!

फळं धुऊन कापली, तर आत पिवळसर हिरवा गर. संघप्रिया लिंबू, मिरची, टमाटर, कच्चा कांदा घ्यायला निघाली आणि थबकली. यातलं एकही बाबाला चालणारं नव्हतं.

"मंग राह्यलं काय?" तिचा चेहरा उतरला.

रुखमा चुलीकडे वळली. कांदा निखाऱ्यात पुरला, गोडूस होईपर्यंत भाजला, जिरं भाजून कुटलं, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, कोवळी पानं बारीक चिरली. संघप्रियाने वाटीच्या बुडाने गर रगडला आणि सगळं कालवलं.

"लवकर द्या लागते," ती म्हणाली. "लिंबू नाई तं गर काळा पडते."

गुलाबने छोट्या चमच्याने थोडं जिभेवर ठेवलं. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. आग झाली नाही. दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. वाटी निम्म्यावर आली तेव्हा तो थांबला. रुखमाला वाटलं, आता सारतो.

"मीठ कमी हाये," तो कुरकुरला. "आन् सांभार काऊन इतका कमी टाकला? विकत आणला का?"

रुखमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पदराने तोंड पुसत ती जुन्याच तावात कडाडली, "इतकंच कळते तं उद्या सोताच करा!" आणि लगबगीने मीठ आणायला उठली.