काळ्या राजाशेजारची जागा

धाकटीने ताईला हरवले. जन्मात पहिल्यांदा, आणि तेही असे की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे.

मित्रांनो, आता ही दोन वाक्ये विसरून जा. असा कुठलाही डाव झालेला नाही. तसा अधिकृत निर्णय लागला आहे आणि निर्णय लागल्यावर मी तरी काय बोलणार? मी एक जुने बटण आहे.

काळे, चार भोकांचे, कडेला एक टवका उडालेले. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. पत्र्याच्या डब्यात आम्ही एकदम इतके जण होतो, की थोरला कोण यावर भांडायलाही जागा नव्हती. तिथून मी एका शिंप्याच्या हाती लागलो आणि त्याने मला एका वकिलाच्या काळ्या कोटावर, वरून दुसऱ्या काजासमोर शिवले. हे वकील म्हणजे ताई आणि धाकटी या दोघी बहिणींचे बाबा. कोट चांगला होता, अशील मोजके होते. त्यामुळे कोटाची झीज फार झाली नाही.

माझा जन्म असाच पोटापुढे उभे राहण्यात गेला असता. पण धाकटीने उंटाला आंघोळ घातली.

उंट म्हणजे बुद्धिबळातला. घरात एक लाकडी पट होता आणि दोघी बहिणी त्यावर रोज खेळत. एक दिवस धाकटीचे म्हणणे पडले की काळ्या उंटाला वास येतो. तिने त्याला न्हाणीत नेले, साबण लावला आणि तो हातातून निसटून जाळीतून खाली गेला. घरातले सगळे जाळीपाशी बसून राहिले. तो काही परत आला नाही. धाकटीने रडून घर डोक्यावर घेतले. तेव्हा बाबांनी अंगातल्या कोटाचे एक बटण हिसकून काढले आणि पटावर काळ्या राजाशेजारी ठेवले.

"हा घे उंट," ते म्हणाले.

"याला मान कुठंय?" ताईने विचारले.

"बसलाय तो."

अशी माझी बढती झाली. सकाळी मी पोट झाकत होतो, संध्याकाळी राजाच्या शेजारी राहायला आलो.

बाबांनी कोटाला दुसरे बटण लावले नाही. विसरले म्हणा, किंवा नाही विसरले म्हणा. एकदा भर कोर्टात न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "वकीलसाहेब, बटण?" बाबा म्हणाले, "साहेब, ते सध्या उंट आहे." न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

तेव्हापासून धाकटीने पांढऱ्या सोंगट्यांना हात लावला नाही. ती नेहमी काळ्याच घेई, कारण मी काळ्यांकडे होतो. आणि मित्रांनो, ती मला मरू देत नसे. मला वाचवायला तिने घोडे दिले, हत्ती दिले, प्यादी तर मुठीने दिली. एकदा वजीरही दिला.

"अगं, वजीर जातोय तुझा," ताई म्हणाली.

"जाऊ दे. बटण बाबांचं आहे."

"वजीरसुद्धा बाबांनीच आणलाय."

"तो विकतचा. हे अंगावरचं आहे."

त्यामुळे धाकटी प्रत्येक डाव हरत असे. पटावर शेवटी एकटा काळा राजा उरे आणि त्याच्या कुशीत मी, अंगाला ओरखडा नाही. राजाला मात होई आणि धाकटी मला खिशात घालून विजयी चेहऱ्याने जेवायला जाई. दुसरा काळा उंट, तो लाकडी, माझ्यावर फार जळायचा. त्याला मान होती, पण त्या मानेसाठी कोणी वजीर दिला नव्हता.

पुढे बाबा गेले. कोट कपाटात राहिला, मी पटावर राहिलो. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. दिवसभर ती लोकांच्या चष्म्यांच्या काड्या बसवते आणि डोळ्याला दिसणार नाहीत एवढे स्क्रू पिळते. धाकटी दूरच्या शहरात एका छापखान्यात प्रुफे तपासते. लोकांच्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पट भिंतीशी उभा राहिला. आम्ही सगळे डब्यात. मग एका रविवारी धाकटीचा फोन आला.

"ताई, आता सगळे मोबाइलवर खेळतात. आपण पण खेळू या की."

ताईने मोबाइलवर पट उघडला आणि मी डब्यातून डोकावून पाहिले. काळ्या राजाशेजारी एक उंट उभा होता. मानेसकट. नुकताच आंघोळ करून आल्यासारखा चकचकीत. मित्रांनो, इतकी वर्षे मी त्याची जागा सांभाळली आणि हा जाळीतून निघून थेट इंटरनेटवर गेला होता. माझ्याशी झालेली ही पहिली दगाबाजी.

पण ताईला पडद्यावर डाव दिसत नसे. ती म्हणे, काचेत मला फक्त माझा चष्मा दिसतो. म्हणून तिने लाकडी पट पुन्हा टेबलावर मांडला. मोबाइलवर चाल आली की ती पटावर करायची, विचार पटावर करायचा आणि उत्तर मोबाइलवर द्यायचे. म्हणजे उंट तिकडे कितीही मिरवो, काम मीच करत होतो. सरकारी कचेरीत असते तसे.

आता कुठे खेळायचे हा प्रश्न आला. पहिल्या ठिकाणी तलवारबहाद्दर नावाचा एक गडी ताईशी हरला आणि त्याने ताईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताईने त्याला लिहून कळवले, की आम्हाला पाचच पिढ्यांची माहिती आहे, उरलेल्या दोन पिढ्यांबद्दल काही कळले असल्यास सांगावे. त्याने अजून सांगितलेले नाही. दुसऱ्या ठिकाणी सगळे एका मिनिटाचे डाव खेळत. ताई चष्मा पुसून होईपर्यंत हरलेली असे. तिसऱ्या ठिकाणी तिच्या प्रत्येक चालीला कोणीतरी वा वा करी, अगदी वजीर फुकट घालवला तरी. ताई म्हणाली, इथे एक तर सगळे मूर्ख आहेत किंवा मला काहीतरी विकणार आहेत.

चौथे ठिकाण म्हणजे एक लहानसा क्लब. तो हत्तीकाका नावाचे कोणी गृहस्थ चालवत. त्यांचे खरे नाव कोणाला ठाऊक नव्हते. तिथे दिवसाला एक चाल करायची. चाल सुचवणारे यंत्र वापरले की हकालपट्टी. आणि डाव संपला की दोघांनीही तो परत उलगडायचा, आपली चाल आपण का केली ते समोरच्याला सांगायचे. ताई तिथे पहिलाच डाव हरली. ज्याने हरवले त्याने लिहिले, "तुमचा घोडा फार छान होता, मला दोन दिवस झोप नव्हती." ताईने लगेच धाकटीला फोन केला. "सापडलं. इथंच यायचं."

मित्रांनो, इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायला चांगली जागा शोधत असाल तर एकदा तिथे जाऊन हरून पाहा. मग काय ते कळेलच.

दोघी बहिणी तिथे सुखाने खेळू लागल्या. ताई जिंकायची, धाकटी हरायची, डाव उलगडताना दोघी तासभर फोनवर भांडायच्या. धाकटी तिकडे मोबाइलवरच खेळे, पण राजाशेजारच्या त्या उंटाला ती तिथेही मरू देत नसे. "ते बटण आहे असं मी धरते," ती म्हणायची. मला बरे वाटायचे.

मग क्लबच्या स्पर्धेत दोघी समोरासमोर आल्या.

त्या दिवशी ताई दुकानातून आली, हातपाय धुतले आणि मोबाइल पाहिला. धाकटीची चाल आली होती. ताईने ती वाचली, पुन्हा वाचली आणि मग मला उचलले. तिने मला पट ओलांडून थेट पांढऱ्या राजापुढच्या कोपऱ्यातल्या प्याद्यावर आपटले. शह. आता तो राजा मला सहज मारू शकत होता आणि मला वाचवणारे मागे कोणी नव्हते. धाकटीने मला दिले होते.

ताईची बोटे माझ्यावर बराच वेळ राहिली. मग तिने आपल्या राजाने मला मारले आणि पटाबाहेर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी पटाबाहेरून डाव पाहिला. बाहेरून तो फार लांबचा दिसतो.

आणखी काही दिवसांत ताईच्या राजाला मात झाली. सगळा क्लब धाकटीच्या कौतुकाला लोटला. हत्तीकाकांनी स्वतः लिहिले, "असा डाव आपल्या क्लबात आजवर झालेला नाही." रिवाजाप्रमाणे डाव उलगडायला ताईने फोन लावला.

"काळा उंट दिलास," ताई म्हणाली. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"दिला. बलिदान म्हणतात त्याला."

"का दिलास?"

"अगं, राजा उघडा पडतो ना मग."

"आणि मी राजाने त्याला मारलंच नसतं, कोपऱ्यात सरकले असते, तर?"

"तर काहीतरी झालं असतं की."

"राजाशेजारचा उंट होता तो."

"हो. मग?"

"राजाशेजारचा," ताई म्हणाली.

ताईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिला घाई नव्हती, दिवसाला एक चाल करण्याची सवय होती.

"तिथं बटण असतं," धाकटी शेवटी म्हणाली.

"चाल कोणाची होती?"

"यंत्राची."

"ती एकच?"

"त्याच्या पुढच्या सगळ्या. त्याच्या आधीच्या पण थोड्या." मग ती घाईघाईने बोलू लागली. "जन्मभर हरतेय मी तुझ्याशी. एकदा तू हरल्यावर कशी दिसतेस ते बघायचं होतं मला. एकदाच."

"मग दिसले?"

"कुठून दिसणार? तू तिथं, मी इथं."

मित्रांनो, लोकांच्या चुका शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या प्रुफातले एवढे बटण दिसले नाही. यंत्र मोठे हुशार आहे, त्याला कोटी कोटी चाली पुढचे दिसते म्हणतात. पण न्हाणीची जाळी, बाबांचा कोट आणि न्यायाधीशांनी दिलेली तारीख त्याला कोणी सांगितलीच नव्हती. त्याने पाहिले, उंट आहे, द्या. आणि धाकटीने दिला.

दुसऱ्या दिवशी ताईने हत्तीकाकांना सगळे लिहून कळवले. धाकटीला ते समजले तेव्हा फोनवर ती एवढेच म्हणाली, "सख्ख्या बहिणीची तक्रार केलीस तू."

"तू पण सख्ख्या बहिणीशीच खेळत होतीस," ताई म्हणाली.

हत्तीकाकांचा निर्णय आला. धाकटीचे खाते काही महिने बंद. डाव रद्द, म्हणजे तो झालाच नाही असे समजावे. सबब ताईंचा पराभव झालेला नाही. ताईने ते वाचले आणि पटाकडे पाहून म्हणाली, "झाला की."

माझी शंका वेगळी होती. डाव झालाच नाही, तर मला मारले कोणी? मी पटाबाहेर पडलो होतो तो काय हवा खायला? यावर निर्णयात काही नव्हते.

मला वाटले, चार दिवस जातील, ताई मला उचलून परत राजाशेजारी ठेवील. ताईने उचलले खरे. मग तिने कपाट उघडले, बाबांचा कोट काढला, सुईत काळा दोरा ओवला आणि मला वरून दुसऱ्या काजासमोर शिवून टाकले. चारही भोकांतून, दोनदा. चष्म्याचे स्क्रू पिळणारी बाई ती, गाठ कशी मारली असेल ते तुम्हीच समजा. मित्रांनो, पटावर मला शत्रूने मारले त्याचे एवढे वाटले नाही. ताई माझी शत्रूच होती, गेली कित्येक वर्षे, आणि फार चांगली शत्रू होती. पण तिनेच मला घरी पाठवले.

आता मी कपाटात असतो. इथे डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि तो धुऊन काढायला मला कोणी न्हाणीत नेत नाही. कोटाची बाकीची बटणे माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते मी नोकरी सोडून खेळायला गेलेला माणूस आहे.

परवा कपाटाचे दार किलकिले होते, म्हणून मला पुढचे ऐकू आले. धाकटीचे खाते परत सुरू झाले होते. तिने फोन केला होता आणि ताईने तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला होता.

"पट मांडलायस?" धाकटीने विचारले.

"मांडलाय."

"राजाशेजारी काय ठेवलंस?"

"खोडरबर."

खोडरबर. मित्रांनो, मी पुढचे थोडा वेळ ऐकलेच नाही.

"...आणि बटण?" धाकटी विचारत होती.

"कोटाला लावलं."

"काढ ना ते."

"मी नाही काढणार," ताई म्हणाली. "तू ये आणि उसव."

धाकटीने फोन ठेवला नाही. ताईनेही फोन ठेवला नाही. दोघी तशाच राहिल्या, चाल कोणाची आहे हे न ठरवता.

धाकटी अजून आलेली नाही. छापखान्यात काम बरेच असते. तुमच्याही घरी एखाद्या सोंगटीच्या जागी बटण, झाकण किंवा शेंगेचे टरफल उभे असेल तर त्याला सांभाळा, आणि चाल सुचली नाही तर खुशाल हरा. माझे म्हणाल तर मी पुढील अर्ज करत आहे.

क्लबचे मा. व्यवस्थापक हत्तीकाका यांस नम्र विनंती की, आपल्या पडद्यावरील पटावर काळ्या राजाशेजारी उभ्या असलेल्या उंटास तातडीने कार्यमुक्त करण्यात यावे व त्या जागी चार भोकांचे, कडेला टवका उडालेले काळे बटण दाखवण्यात यावे. सदर बदल एकाच खात्यापुरता केला तरी चालेल. यंत्रासही ते बटणच दिसेल अशी व्यवस्था व्हावी आणि ते कोणाच्या कोटाचे आहे, हे यंत्रास चाल सुचवण्यापूर्वी लेखी कळवण्यात यावे.