गोळ्यांच्या वेळेचं पाणी

पानओवा म्हणजे टाकाल तिथे उगवणारं झाड. एक काडी खोचून विसरून जावं, तो आपला जगतो. खोकल्याला, पोटाला दोन पानं तोडली तरी त्याचं काही बिघडत नाही. म्हणूनच बायकोच्या सात वर्षांच्या पानओव्याची पानं पिवळी पडून टपाटप गळू लागली, तेव्हा निवृत्त मुद्रितशोधकाचं धाबं दणाणलं.

बायकोचं खुब्याचं हाड मोडल्यापासून सगळं घर त्याच्या एकट्याच्या अंगावर होतं. मुलगी रविवारी येणार होती. आईला आपल्याकडे न्यायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. बाबांना हे झेपणार नाही, असं तिचं म्हणणं. त्यावर त्याने फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, ये आणि बघ. आता ती येऊन बघणार काय, तर जे मारू म्हटलं तरी मरत नाही ते झाड बाबांनी मारलं.

वास्तविक त्याने कसूर केली नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. आपल्या हातून चूक नको म्हणून त्याने तक्ता करून भिंतीला लावला होता. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. गोळी, कूस बदलणे, आणि शेवटच्या रकान्यात कुंडी. गजर झाला की उठायचं, आधी बायको, मग झाड. रात्रीही तिची कूस बदलायला दोनदा उठावं लागे, त्यामुळे सव्वा महिना सलग झोप नव्हती. पानं गळायला लागल्यावर त्याने झाडासाठी आणखी एक वेळ वाढवली.

रविवारी मुलगी गॅलरीत गेली. कुंडी उचलून तिने सरळ आईच्या पलंगाशी आणली. बायकोने मातीत बोट खुपसलं, ते चिखलाने माखून बाहेर आलं.

"दिवसातून किती वेळा पाणी घालता?"

"तीनदा. आता चारदा," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्या गोळ्यांबरोबर."

बायको इतकी हसली की तिला खुबा धरावा लागला. "अहो, तो स्वतःच औषध आहे. त्याला कसल्या वेळा लावताय?"

मग तिने मुलीला समजावलं. मुळं कुजलीत, पण तीन शेंडे अजून कडक आहेत. ते तोडून दोन दिवस सावलीत सुकू दे, मग कोरड्या मातीत खोच. मुलगी कात्री आणायला निघाली, तशी बायको म्हणाली, "आणि माझी बॅग भर. महिनाभर येते मी तुझ्याकडे."

"झाड गेलं म्हणून?" त्याने विचारलं.

"झाडाचं काय घेऊन बसलात. काल दुपारची माझी गोळी तुम्हीच पाण्याबरोबर घेतलीत. मी बोलले नाही एवढंच."

त्याने विरोध करायला हवा होता. आठवडाभर मुद्दे जुळवून ठेवले होते. पण तोंडातून निघाला तो नुसता सुस्कारा, आणि त्यातलं सुटल्यासारखं वाटणं आपल्यालाच ऐकू आल्यामुळे तो ओशाळून खुर्चीत बसला.

आईची शाल कुठे आहे, असं मुलीने आतून बाबांना विचारलं. ती बाहेर आली तर त्याची हनुवटी छातीवर टेकली होती.

"बाबा," ती म्हणाली.

"उठवू नकोस," बायको म्हणाली. "शाल कपाटात खालच्या खणात असेल. नसली तर राहू दे."