माझी रेघ खोटी नव्हती

मित्रांनो, मी एक जुना श्वासमापक आहे. माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता. आळ घेणारे मोठे होते, म्हणून मी गप्प बसेन असं कुणाला वाटत असेल, तर ते विसरा!

एका कारागिराने मला घडवलं. पाण्याच्या डब्यात माझं पितळी भांडं उपडं तरंगतं. माणसाने नळीतून श्वास सोडला की ते वर येतं, घेतला की खाली जातं, आणि त्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ काढते. वीस वर्षं मी हेच केलं. पोहणारे आले, बासरीवाले आले, दम्याची पोरं आली. "सोनाराच्या काट्यासारखा चोख आहे हा," असं म्हणत डॉक्टर माझ्यावर हात फिरवायचे.

मग त्याच डॉक्टरांनी नवं संशोधन काढलं. सावकाश श्वासाने मनावरचा ताण उतरतो का? टकटक करणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राच्या ठोक्यावर दर दहा सेकंदांना एक श्वास. चाळीस माणसं. सहा आठवड्यांत बहुतेकांची रेघ संथ लाटांसारखी झाली. 'सगळ्यांना गुण येतो' असं लिहायचं डॉक्टरांनी ठरवूनही टाकलं.

आणि त्या चाळिसांतल्याच, अग्निशमन दलात फोन घेणाऱ्या ताईंची रेघ आली. करवतीच्या दातांसारखी!

"मला गुदमरतं हो याने," ताई म्हणाल्या. "घाबरायला होतं."

"तुम्ही नीट करत नाही," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नाहीतर हा खटारा चुकतोय. फेका तो कागद."

पितळ तापतं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्या हाताखालच्या संशोधक बाई उठल्या. तीन लिटर हवेचा पंप त्यांनी माझ्या नळीला लावून दाबला. लेखणी बरोब्बर तीनवर थांबली. पुन्हा तीन. तिसऱ्यांदाही तीन.

"यंत्र चुकत नाही, सर."

"एका बाईपायी सगळ्या कामावर पाणी सोडायचं?"

ताई ताडकन उभ्या राहिल्या. "जळत्या घरातली माणसं फोनवर रडत असतात, तेव्हा मी आवाज कापू देत नाही. आणि मला श्वास घेता येत नाही म्हणता? तो ठोका बंद करा, मग बघा."

ठोका थांबला. ताईंनी आपल्या चालीने श्वास घेतला, ठोक्यापेक्षा बराच भरभर. माझी लेखणी जराही अडखळली नाही.

बाईंनी दोन्ही कागद अहवालाला जोडले आणि लिहिलं: पुष्कळांना गुण येतो, काहींना त्रास होतो, प्रत्येकाची चाल वेगळी. डॉक्टरांनी सही केली नाही. बाईंनी एकटीच्या सहीने तो पाठवला.

मला मात्र जिन्याखाली टाकलं. पाणी आटलं, पितळ हिरवं पडलं. भंगारवाला आला, तेव्हा बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आधी मला उचला!" आज मी त्यांच्याच खोलीत आहे, कामावर आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा. पितळ घासा, पाणी बदला, लेखणीत शाई भरा. रेघ मनासारखी आली नाही तर खुशाल चिडा, आदळआपट करा. पण ती बदलायला मला सांगू नका. मी बदलणार नाही!