दहाव्या बाजारापर्यंत

झुलेखाचा राग साधासुधा नव्हता. तिचा नवरा सरदार तीन वर्षांपूर्वी पिंपरीतली फिटरकी सोडून पश्चिम आफ्रिकेत गेला, नदीकाठच्या कुठल्याशा गावी, लाँचची इंजिनं दुरुस्त करायला. वर्षाच्या आत बोलावून घेतो म्हणाला होता. आणि आता, १९५७ साली, स्वारीला आठवण झाली! पोस्टमन ज्योतीराम तिच्या चिंचवडच्या घराच्या ओट्यावर बसून पत्र वाचू लागला :

"येतेस का नाही ते आजपासून दहाव्या बाजारापर्यंत कळव. नाहीतर मी पाच वर्षांचा करार करून नदीच्या वरच्या अंगाला जाईन. तिथं बायकोला नेऊ देत नाहीत."

"बास झालं!" तिनं पत्र हिसकावून घेतलं. पुढचं वाचायला उघडलेलं तोंड मिटून ज्योतीराम आपल्या वाटेला लागला.

जायचं तर तिला होतंच. मन केव्हाच त्या नदीवर जाऊन बसलं होतं. पण तीन वर्षं ताटकळत ठेवणाऱ्याला जरा ताटकळू दे की! झुलेखा दर शनिवारी चाकणच्या बाजारात बांगड्या विकायची, आणि तिचं सगळं गणित बाजारावर चालायचं. सातव्या बाजारी उत्तर धाडायचं, असं तिनं ठरवलं.

ठरवलं खरं, पण जीव थाऱ्यावर राहीना. पहिल्या बाजारी तिनं एका बाईच्या हातात लहान मापाची बांगडी कोंबली. दुसऱ्या बाजारी शेजारच्या कांदेवाल्याशी कारण नसताना भांडली. घरी आली की चूल पेटवायची, विझवायची, दारात जायची, परत यायची. चौथा बाजार झाला आणि मंगळवारी सकाळी ती पत्र घेऊन तडक शाळेच्या इंदुताईंकडे गेली.

"बाई, उत्तर लिवा."

इंदुताईंनी आधी पत्र वाचायला घेतलं, सगळं, मोठ्यानं. "'इथं दर चार दिवसांनी बाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतून होड्या येतात, धुरावलेले मासे, कंद, ताडाचं तेल घेऊन. सगळा बाजार बायकाच चालवतात. त्यांना बघितलं की तुझी आठवण येते.'"

"दर चार दिवसांनी?" झुलेखा मटकन खाली बसली. "शनवारी न्हाई?"

इंदुताईंनी पत्रावरची तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले. "अगं, दहावा बाजार आजच."

"म्या चाकणचे मोजत बसले वो!" तिला रडू कोसळलं. स्वतःचाच इतका राग तिला कधी आला नव्हता.

"शेवटचं ऐक," इंदुताई म्हणाल्या. "'तू रागावली असशील. तोंड दाखवायला मला लाज वाटते म्हणून घाई करतोय. शिव्या द्यायच्या असल्या तर दे, पण गप्प राहू नकोस. तू गप्प राहिलीस की मला काही सुचत नाही.'"

झुलेखा उठली आणि स्टेशनाकडे पळत सुटली. तारबाबूंच्या खिडकीशी पोचली. तार आज पोचेल का, हे तिनं विचारलं. सांगता येत नाही, तारबाबू म्हणाले. मजकूर काय?

"लिवा," ती म्हणाली. "लई रागावलेय. येतेय."