वळचणीखालची फट

यादोरावांच्या घरात गवंड्याचं पाऊल कधी पडलं नाही. पडूच दिलं नाही त्यांनी. जात कोहळी, पिढीजात तलाव बांधणाऱ्यांची. आज्याने गावचा तलाव बांधला, बापाने त्याची पाळ दोनदा उंचावली, आणि नातवाने काय चार हात भिंत लिंपायला परका माणूस बोलवायचा? छट्! माती नुसती मुठीत दाबून ती पाणी धरेल की सोडेल हे ते सांगत. आसपास कुठं विहीर उपसायची असली की पहिला निरोप त्यांनाच यायचा. एवढा मानाचा माणूस, पण स्वतःच्या घराची मात्र चाळणी झालेली. गावभर राबायला वेळ होता, घराकडे पाहायला नव्हता, आणि हे त्यांची बायको जमुनाबाई दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय राहत नसे.

घर जुनं. हातभर रुंद मातीच्या भिंती, वर देशी कवेलूंचं छप्पर. भिंतीचा माथा आणि कवेलू यांच्यामध्ये, वळचणीखाली, वीतभर फट सुटलेली. ती आज्याने मुद्दाम सोडली की बांधताना राहून गेली, कोणाला ठाऊक! तिथून चिमण्या ये-जा करत, उन्हाची तिरीप येई आणि पौषात गारठाही येई. मागची खोली तर सगळ्यांत वाईट. भिंतीत उंदरांची बिळं, कोपऱ्यातली मेढ, छपराचा लाकडी खांब, वाळवीने खाल्लेली, दाराच्या फळ्यांमधून पलीकडची ओसरी दिसे. आणि घरातली सगळी बाळंतपणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच खोलीत होत आली होती.

त्यांची एकुलती एक लेक कुंदा आमगावकडे दिली होती. दोन वर्षांआधी तिचं पहिलं बाळंतपण याच खोलीत झालं. मुलगा झाला. आठव्या दिवशी त्याचं अंग निळं पडलं, नवव्या दिवशी तो गेला. धुरपता सुईण म्हणाली, लेकराला वारा लागला. ती बोलून मोकळी झाली, पण जमुनाबाईच्या मनात ते रुतून बसलं. एकदा यादोराव जेवत असताना ती सरळ म्हणाली, "गावचं पानी अडवता तुमी, अन् घरचा वारा नाही अडवला. माज्या लेकीचं लेकरू त्या भोकातून गेलं." यादोराव अर्ध्या ताटावरून उठले. त्यांनाही तसंच वाटत होतं.

नवे पैसे निघाले त्या साली कुंदाला पुन्हा दिवस गेले, आणि महिना आला तोही नेमका पौषच. सासरची माणसं माहेरी पाठवायला का-कू करत होती. जावई टेकचंद स्वभावाने गरीब, त्याने गोडीत निरोप धाडला की पाठवतो, पण यावेळी खोलीचं तेवढं पाहा. गोडीतला निरोप, पण यादोरावांच्या जिव्हारी लागला. त्यांनी बायकोला सांगितलं की या खेपेला त्या खोलीत मुंगीला वाट राहणार नाही. राहिली तर नाव लावणार नाही बापाचं.

मार्गशीर्षात धानाचे पुंजणे खळ्यावर रचून झाले, तसे ते घराच्या मागे लागले. धानाचं चुरणं, मळणी, राहू दिली, लोक नावं ठेवू लागले तरी ऐकलं नाही. आधी घरामागचं परस, सांदवाडी, साफ केली. मागच्या भिंतीला टेकून रानतुळस आणि एरंड माजला होता, तो मुळासकट उपटला, बोरीच्या काट्यांचं कुंपण नवं घातलं. मग सांदवाडीच्या टोकाला खड्डा करून माती काढली. तिच्यात बारीक तोडलेली धानाची तणस आणि शेण घालून तीन दिवस भिजत ठेवली, आणि रोज सकाळी गुडघाभर गाऱ्यात उभं राहून तुडवली. पंचावन्नाच्या वर वय, थंडीने पोटऱ्यांत गोळे यायचे. जमुनाबाई म्हणायची, एखादा गडी लावा. ते म्हणायचे, गडी काय माझ्या नातवाचा कोण लागतो?

वाळवी लागलेली मेढ काढून जुन्या बैलबंडीचं लाकूड तासून तिथं बसवलं. उंदरांच्या बिळांत खापरांचे तुकडे ठोकले. भिंतीला आतून-बाहेरून दोन-दोन थर दिले. बाळंतिणीला पाणी स्वच्छ हवं म्हणून सांदवाडीतली विहीरही उपसायला घेतली. बरीच वर्षं तिच्यातला गाळ निघाला नव्हता. रीतीप्रमाणे आधी पेटता कंदील दोराने खाली सोडला. अर्ध्यावर जाईपर्यंत ज्योत ठीक होती, मग ती बसत-बसत मण्याएवढी झाली आणि विझली. खालची हवा खराब होती, यादोराव उतरले नाहीत. लिंबाची पानाळ फांदी दोराला बांधून सकाळभर विहिरीत वर-खाली केली, पुन्हा कंदील सोडला, तो तळापर्यंत नीट जळाला, तेव्हा कुठं पाय टाकला. आजवर शंभरेक विहिरी उपसल्या त्यांनी, पण कंदिलाला विचारल्याशिवाय एकीतही उतरले नाहीत.

शेवटी राहिली वळचणीखालची फट. ती त्यांनी विटांचे तुकडे आणि गारा भरून चारी बाजूंनी बुजवली. चिमण्यांची चार घरटी होती, ती काढून आंब्याच्या बेचक्यात नेऊन ठेवली. चिमण्या दोन दिवस भिंतीवर चोची आपटत राहिल्या आणि मग निघून गेल्या. वर कवेलूखाली बांबूची चटई ठोकून तीही लिंपली. दाराच्या फळ्यांना पट्ट्या मारल्या. सगळं वाळल्यावर भरदुपारी दोघं आत गेली आणि दार लावलं. उजेडाचा कण नाही! जमुनाबाईने वात पेटवली आणि हात उंच धरून भिंतीच्या कडेने, कोपऱ्याकोपऱ्यात फिरवली. ज्योत कुठंच हलली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याची तारीफ केली नव्हती, ती त्या दिवशी केली. म्हणाली, आता खोली झाली. यादोरावांना इतका आनंद झाला की रात्री त्यांनी भाकर एक जास्त खाल्ली.

पौष लागला तशी कुंदा आली. गारठा यंदा मुलखाचा होता, पहाटे तळ्यावरून धुकं उठून घरात शिरायचं, पण त्या खोलीत मात्र ऊबच ऊब. कुंदा बापाला म्हणाली, बाबा, तुमी तर मले गाडग्यात ठेवलं. सगळे हसले. आणि खरंच, बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली, गोरीगोमटी, आवाज असा की ओसरीत बसलेल्या माणसाला ऐकू यावा. यादोराव गावात ज्याला-त्याला खोली दाखवू लागले. बाया आत जाऊन भिंतीवर हात फिरवायच्या आणि आपापल्या नवऱ्यांना घरी जाऊन टोचायच्या.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी हवीच. पहिल्या दिवशी नेहमीसारखी गोवरीची पेटवली, तर धुराने खोली भरली आणि कुंदाला खोकल्याची उबळ आली. धूर जाणार कुठून? यादोराव म्हणाले, यात काय मोठं, आणि लोहाराकडून लाकडी कोळशाचं पोतं डोक्यावर घेऊन आले. कोळशाला धूर नाही, वास नाही, निखारा तास-दोन तास टिकतो. सगळ्यांना पटलं. चौथ्या दिवशी कुंदा म्हणाली डोकं जड झालं. धुरपता म्हणाली, बाळंतिणीचं दुखतेच, आणि तिने कपाळावर फडकं आवळून बांधलं. पाचव्या दिवशी जमुनाबाईने कुरकुर केली की कोनाड्यातली रॉकेलची चिमणी नीट जळत नाही, मिणमिणते अन् बसते. यादोरावांनी वात कापली, नवी घातली, तरी तेच. त्यांनी दुकानदाराच्या नावाने चार शिव्या हासडल्या की मेला रॉकेलात पाणी घालतो. बाटली घेऊन भांडायलाही गेले.

सहाव्या दिवशी सकाळी कुंदाचं न्हाणं झालं. तिला ओव्याची धुरी दिली, शेगडीत कोळसे भरून बाजेखाली सरकवली, गोधडी गळ्यापर्यंत ओढली, आणि जमुनाबाई दार घट्ट लावून बाळाला घेऊन बाहेर आली. ओसरीत ऊन आलं होतं. बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, ते मांडीवरच झोपलं. लेकीला निवांत झोप लागली आहे, कशाला उठवा, असं म्हणून ती तशीच बसून राहिली. यादोराव कुंपणाला काटे लावत होते. ऊन डोक्यावर आलं, बाळ भुकेने रडायला लागलं, तेव्हा जमुनाबाईने दार उघडलं आणि हाक मारली. मग दुसरी हाक मारली. तिसरी हाक यादोरावांना सांदवाडीत ऐकू आली आणि हातातले काटे टाकून ते धावले.

कुंदा निजली होती तशीच होती. गाल लाल, जणू आत्ताच चुलीपुढून उठली. हात गरम होता. पण ती गेली होती.

धुरपता आली, तिने पापण्या उघडून पाहिल्या, आणि दोन वर्षांआधी म्हणाली होती तेच म्हणाली. वारा लागला. न्हाणं झालेलं ओलं अंग, कुठून तरी बारीक झुळूक आली असेल. गावाने मान डोलावली. चार जाणते लोक खोलीत जाऊन फट शोधू लागले. बोटांनी भिंत चाचपली, चटई ठोकून पाहिली. फट सापडली नाही. बाहेर येऊन ते म्हणाले, यादोराव, तुमच्या कामात खोट नाही, पोरीचं नशीबच खोटं. यादोराव ऐकत होते. कोणी तरी त्यांना दोष द्यावा असं त्यांना फार वाटत होतं, आणि देणारं कोणी नव्हतं.

टेकचंद आला, तेरा दिवस राहिला, खाली मान घालून. जाताना म्हणाला, लेकराने जरा बाळसं धरलं की घेऊन जाईन, तोवर आईंच्या पदरात असू द्या. शेजारची रुख्मा लेकुरवाळी होती, ती दिवसातून चारदा येऊन बाळाला अंगावर पाजून जाई. जमुनाबाईचं आता एकच चाललं होतं. एक लेकरू वाऱ्याने नेलं, लेक वाऱ्याने नेली, ही मुलगी मी नेऊ देणार नाही. तिने दारावर आतून पोतं टांगलं. उंबऱ्याखाली चिंध्या कोंबल्या. बाळाला मांडीवर घेऊन ती बाजेवर बसायची, खाली शेगडी, कोनाड्यात चिमणी.

एके दिवशी आभाळ आलं होतं, गारठा वाढला होता. यादोराव कोळशाचं टोपलं घेऊन दाराशी आले आणि त्यांनी पोतं बाजूला केलं. जमुनाबाईला डुलकी लागली होती. बाळही निजलं होतं, ऐन पाजायच्या वेळेला, न रडता. कोनाड्यातली ज्योत बसत-बसत मण्याएवढी झाली होती.

यादोराव त्या ज्योतीकडे पाहत राहिले. अशी ज्योत त्यांनी शंभरदा पाहिली होती, दोराच्या टोकाला, काळोखात, खाली. त्यांच्या हातातलं टोपलं पडलं. धावत आत जाऊन त्यांनी बाळाला उचललं, जमुनाबाईला दंडाला धरून ओढत ओसरीत आणलं, बाळ तिच्या पदरात टाकलं. बाळाने श्वास ओढला आणि रडायला लागलं. यादोरावांनी लोखंडी सब्बल घेतली आणि सांदवाडीच्या बाजूने शिडी लावून वळचणीखाली घाव घालायला सुरुवात केली.

जमुनाबाई बाळाला छातीशी धरून धडपडत मागे आली. तिचं डोकं गरगरत होतं, तरी तिने शिडी धरली. "काऊन फोडून राहिले? याड लागलं का तुमाले? वारा येईल!"

"येऊ दे," यादोराव म्हणाले. त्यांनी आणखी एक घाव घातला. "कुंदाले वारा लागला नाही. वारा भेटलाच नाही तिले. म्या सारा बुजवला. विहिरीत होते तसं झालं आत. म्याच मारलं तिले."

विटा खाली पडत होत्या. फळीएवढी जागा मोकळी झाली. जमुनाबाईने शिडी सोडली. ती वळून घरात गेली, खोलीच्या दारात उभी राहिली. कोनाड्यातली ज्योत हळूहळू उभी राहत होती. ती सरळ झाली, एकदा हलली आणि नीट जळू लागली. तिने ते पाहिलं. दोन दिवस लेक सांगत होती की डोकं दुखते, चिमणीही सांगत होती, तेही तिला आठवलं असणार. ती पुन्हा सांदवाडीत आली. शिडीवरच्या नवऱ्याकडे तिने मान वर करून पाहिलं.

"तुमी उतरले तवा कंदील सोडला होता," ती म्हणाली. "पोरीले उतरवलं तवा काऊन नाही पाह्यला?"

ती ओरडली नाही. एवढं विचारलं आणि बाळाला पदराखाली झाकून रुख्माच्या घराकडे चालू लागली, पाजायची वेळ टळून गेली होती म्हणून.

यादोरावांनी पुन्हा सब्बल उचलली. भोक पुरेसं झालं होतं, पाखरूच काय, माणसाचं डोकं जाईल एवढं. तरी ते फोडत राहिले. दिवस मावळेपर्यंत खोलीची ती बाजू वळचणीपासून कमरेपर्यंत उघडी झाली होती. त्यांची तुडवलेली माती पक्की होती, सहज निघत नव्हती.